टेबलातला खळगा

हार्डवेअरच्या दुकानात माझ्यापुढे एक बाई होत्या. त्यांच्या हातात लाकूड घासायच्या मशीनची झिजलेली गोल चकती होती.

“अशा चकत्या द्या. टेबलाचं जुनं व्हार्निश काढायचंय.”

“मग आधी ऐंशी नंबरची खरखरीत न्या, ताई. टेबल आरशासारखं सपाट होईल.”

“सपाट नकोय हो. एका कडेला झिजून खळगा पडलाय. बाबा तिथं कोपर टेकून ढग बघत बसायचे. हाक मारली तरी ओ द्यायचे नाहीत.”

“सुतार काय म्हणाला?”

“भुसा भरून बुजवतो म्हणाला. चहा पाजून वाटेला लावलं त्याला.”

“मग ऐंशी नकोच. एकशेवीसची बारीक न्या, आणि चकतीखाली ही स्पंजाची गादी लावा. खळगा असेल तिथं चकती आपोआप वाकते.”

“दाबून धरायचं?”

“छे! नुसता हात ठेवायचा. मशीन आपल्या तंद्रीत फिरतं, फिरू द्यायचं.”

“खळगा तसाच राहील ना?”

“खोटं कशाला बोलू? केसभर खोल होईल.”

“होऊ द्या. तसाही होणारच आहे. आता तिथं मी बसते.”