तेलाचा लाल दिवा

नाही हो भाऊ, लगेच बंद केली — दिवा लागला तसा पाय ब्रेकवर आणि हात किल्लीवर, जराही पुढे रेटली नाही. मागचा टेम्पोवाला आधी शिव्या घालत होता, मग त्यानेच दोर लावून इथवर ओढत आणली, भलं होवो त्याचं. मला ठाऊक आहे ना — हा काही पेट्रोलचा दिवा नाही, पुढे बघू म्हणायला. तेल वर चढेना झालं की लोखंडावर लोखंड घासतं, आणि मग इंजिन जे जाम होतं ते कायमचं. मुलाने शिकवलंय मला. तुमच्यासारखाच, गाड्यांखाली पडलेला असायचा. म्हणायचा, "आई, हा दिवा लागला की कुणाचंही ऐकायचं नाही, जागच्या जागी बंद." — खुर्ची नको, मला बसवतच नाही. किती वेळ लागेल? घाई करा असं म्हणत नाहीये मी — म्हणजे, तेच म्हणतेय.

इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवलंत? बघू — अगं बाई! हे तेल आहे का डांबर? आणि ही जाळी, पार बुजलीय की. पंप बिचारा ओढणार काय, कपाळ? बरोबर आहे, आमची गाडी जाते तरी कुठे — बाजार आणि परत, इंजिन धड तापायच्या आत घरी. तेल बदलायचं काम मुलाचं. तो गेल्यापासून ह्यांनी बॉनेटला बोट लावलेलं नाही. गेला म्हणजे — बाहेरगावी हो. नोकरीला. आज येतोय, त्यालाच आणायला निघालेय. स्टेशनवर? नाही, स्टेशनच्या पुढे. ती लांब दगडी भिंत आहे ना, तिथल्या — त्या बाजूला. तुम्ही आपलं काम करा ना.

पंपही खोलताय? नुसती जाळी धुवून नाही भागायचं? हो, कळतं मला, आतल्या चकत्यांचे दात झिजले असले तर जाळी कितीही धुवा, दाब येणार नाही. मग बघा, नीट बघा, पण — थांबा, थांबा, ठोकू नका जरा, ह्यांचा फोन. — हां, बोला. अहो दातांच्या डॉक्टरांकडेच आहे. गर्दी आहे खूप. आवाज? कसला आवाज? इथे — इथे कपाट दुरुस्त करतायत कुणीतरी. भात झाकून ठेवलाय, घ्या वाढून. ठेवते.

असं बघू नका माझ्याकडे. दात माझे मजबूत आहेत. — तुरुंगातून सुटतोय तो आज. झालं समाधान? दारू प्यायला नव्हता, एवढं खरं. पण वेगात होता, तेही खरं. गिऱ्हाइकाची गाडी, दुरुस्त करून बघायला म्हणून काढलेली, आणि समोर सायकलवर एक माणूस, जागीच गेला — त्या माणसाची आई कोर्टात माझ्या पुढच्याच बाकावर बसायची. तिची पाठ अजून डोळ्यांपुढून हलत नाही. निकालाच्या दिवशी हे घरी आले, चपला काढल्या आणि म्हणाले, या घरात त्याचं नाव काढायचं नाही. मी कणीक मळायला घेतली. आता बाजारामागे खोली बघून ठेवलीय त्याच्यासाठी, चोरून. गादी टाकलीय, माठ भरून ठेवलाय. पोटच्या पोराला खोली बघतेय मी, घरात दोन खोल्या रिकाम्या पडलेल्या असताना — ऐकताय ना? त्याला तर वाटतंय, कुणीच येणार नाही.

काय म्हणालात? पंप शाबूत आहे? नक्की? परत एकदा मापाची पट्टी घालून बघा ना दातांमधल्या फटीत. — बरं, बरं, तुम्हाला कळतं. लावा मग. फिल्टर आधी तेलाने भरून लावताय, माझा मुलगाही असाच लावायचा. पंपाला पहिला घोट तरी कोरडा जायला नको म्हणून.

माझा फोन कुठे ठेवला मी? तुमच्या पान्यांत — द्या इकडे. तेल लागू दे, काही होत नाही.

हॅलो. अहो, मी डॉक्टरकडे नाहीये. गॅरेजमध्ये आहे. गाडी नेलीय मी, हो, न विचारता. त्याला आणायला चाललेय. नाही, ऐका, मला बोलू द्या — मी त्याला घरी आणणार आहे. आपल्या घरी. तुम्हाला त्याच्याशी बोलायचं नसेल तर बोलू नका, पण दार उघडं ठेवा. …हॅलो? …फोन ठेवला नाहीये त्यांनी, भाऊ. …काय? हो, दिवा लागल्या लागल्या बंद केली. नाही, पंप तोच, चांगला आहे. जाळी बुजली होती. हो, तेल सगळं नवीन. …बरं. …बरं म्हटलं ना, सावकाश चालवते.

काय बाई हा माणूस. — मारू सेल्फ? मारते. लागलाय दिवा, अजून लागलाय, वीझ ना रे बाबा, वीझ — विझला! विझला हो! आता काय कान लावून उभे राहिलात? आवाज चांगला आहे, मलाही कळतो. बॉनेट पाडा. त्या दगडी भिंतीआडून बाहेर आला की तो मान खाली घालून सरळ बसथांब्याकडे चालू लागेल, इकडे तिकडे बघणारसुद्धा नाही, मी ओळखते त्याला. सरका, भाऊ. अहो, सरका म्हणते ना!