बंद घरांची ओ देणारा दामू

मंडळी, बसा. मागं भिंतीला टेकलेत त्यांनी जरा पुढं या, सतरंजी मोकळी हाय. दामूसाठी एवढा गाव जमला, बरं वाटलं. तो असता तर म्हणाला असता, एवढी माणसं माझ्या बांधावर कधी आली नाय ती? मला बोलायला उभं केलंत, पण मी काय भाषणवाला माणूस नाय. माझं काम हाक मारायचं, त्याचं काम ओ द्यायचं. तसंच आमचं आयुष्य गेलं. आज मी बोलतोय आणि समोरून काय येत नाय. सांभाळून घ्या.

रोह्याहून, पेणहून पाव्हणे आलेत. त्यांना आपली रीत ठाऊक नाय, म्हणून उलगडून सांगतो. शिमग्यात आमच्या गावदेवीची पालखी दारोदार फिरते. हाक मारायचा मान आमच्या घराण्याकडं. प्रत्येक दारापुढं पालखी थांबते, मी घराचं नाव घेतो आणि विचारतो, "घर हाय का?" आतून म्हणायचं, "ओ, हाय!" मग पालखी पुढं. ज्या दारातून ओ आली नाय, ते घर गावातून गेलं. परत तिथं पालखी थांबत नाय. घर बंद असेल तर शेजाऱ्यानं ओ दिली तरी चालते. पण हाक मारणाऱ्यानं द्यायची नाय. आपणच विचारायचं न आपणच सांगायचं, असं देवीपुढं चालत नाय.

आता एलोजीचं सांगतो. खालच्या अंगाला तेल्यांची आळी होती. शनवारतेली. आता सगळे ज्यू म्हणतात. घाण्यावर तेल काढायचे, शनवारी घाणा बंद. बाकी शेतीभाती, बोलणंचालणं आपल्यासारखंच. देव वेगळा. पालखीला ते हात जोडत नसत, आणि जोडा असं कुणी कधी म्हटलं नाय. पण हाकेला ओ द्यायचे. ती काय पूजा नव्हती. आम्ही गावात हाव, एवढंच सांगणं. स्वातंत्र्यानंतर एकेक करून सगळे इस्राएलला गेले. शेवटचा गेला एलोजी, दामूच्या शेजारचा. पोरगी लेया तेव्हा परकरातली. जाताना एलोजीनं दामूला बाजूला घेतला. जमीन बघ, घर बघ, असं काय बोलला नाय. शिमग्याला तेवढी ओ देत जा, म्हणाला.

दामू देत राहिला. मग नागोठण्याला कंपनी आली. पोरं शिफ्टला जायला लागली, पालखीला खांदे मिळेनात. पंच बसले न ठरवलं, बंद घरापुढं थांबायचं नाय, लवकर आटपायचं. दामू भांडला. पार चावडीवर आडवा पडला. कोण ऐकतंय? त्या शिमग्याला माझा बाप हाक मारीत होता, मी पालखीच्या दांडीला होतो. भर दुपारी एलोजीच्या दारावरनं आम्ही सरळ पुढं गेलो. काय झालं? काय सुद्धा नाय. पोरं वेळेवर शिफ्टला गेली. पंच म्हणाले, बघितलंत?

काही वर्षांनी लेया आली. एकटी. दामूच्या ओटीवर बसली. तिचं मराठी ऐकून माझ्या अंगावर काटा आला. माझी आज्जी बोलायची तसं, शब्दन् शब्द. इथं तसं बोलणारं आता कुणी उरलं नाय, आणि ही बाई विमानानं ते घेऊन आली. चहा झाला. मग तिनं विचारलं, "दामूदादा, एका शिमग्याला आमच्या घराचं काय केलंत?"

मंडळी, तिला कुणी कळवलं नव्हतं. कोण कळवणार?

ती सांगायला लागली. त्या शिमग्याला तिकडं सकाळ होती, एलोजी न्याहारीला बसला होता. तब्येत ठणठणीत. घास हातात धरून तो कान देऊन बसला. बराच वेळ. मग घास ताटात ठेवला न पोरीला विचारलं, "लेया, मी हाय का?" त्या दिवसापासनं नावानं हाक मारली तर तो वळून बघेना. दुसऱ्याच कुणाला बोलावतायत असा बसायचा. आणि रोज सकाळी उठून तेच, मी हाय का? ती म्हणायची, हाय बाबा. मग तोंड धुवायचा. मरेपर्यंत असंच.

दामू उठला. त्यानंतरच्या शिमग्याला तो एलोजीच्या दारात जाऊन उभा राहिला न पालखी अडवली. तोवर हाक माझ्याकडं आली होती. मी हाक मारली, त्यानं ओ दिली. मग मुंबईला गेलेल्यांची. मग ज्यांचं मागं कुणी उरलं नाय त्यांची. गावातल्या एकूणएक बंद दाराची ओ त्यानं स्वतःवर घेतली. बायको जिती असताना तिला दिला नाय एवढा वेळ त्यानं दुसऱ्यांच्या ओट्या सारवण्यात घातला. जित्या माणसांशी काय त्याचं जमलं नाय, खरं सांगतो. माझ्याशी वालाच्या शेतावरनं भांडला, सरपंचाशी नळावरनं भांडला. चिडका, हट्टी, ताकात नुसतं पाणी घालणारा. पण बंद दारापुढं उभा राहिला की आवाज असा मऊ यायचा, की बघत राहावं.

आता ह्या शिमग्याचं. पालखीला होतात ते सगळे इथं बसलेत. चुकलो तर टोका. दामू अलिबागला इस्पितळात होता, घशात नळी. मला वाटलं दामूचा पुतण्या ओ देईल. पुतण्याला वाटलं दुसरं कुणी देईल. एलोजीच्या दारापुढं मी हाक मारली. ऊन टळटळीत. दाराला कुलूप, कुलपाला गंज.

"ओ, हाय!"

आली का नाय? बोला की. आतून आली. बाजूनं नाय, मागून नाय, आतून. ढोलवाल्याचा हात थांबला. आणि मग पुढल्या प्रत्येक बंद दारातून आली. आवाज कुणाचा होता, ते मी सांगायला नको. घरी जाऊन एकानं दुसऱ्याला विचारलं नाय. मी पण नाय विचारलं.

दुसऱ्या दिवशी अलिबागला गेलो. नर्स म्हणाली, काल दुपारपासून आजोबा उठून बसतात, ऐकत नाहीत. दामूला बोलता येत नव्हतं. त्यानं माझं मनगट धरलं, ओठ हलवले. ऐकू गेलं? मी म्हटलं, सगळ्यांना गेलं. मग तो आडवा झाला. त्याच आठवड्यात गेला.

मंडळी, आता स्पष्ट बोलतो. पुढल्या शिमग्यापासून पालखी फक्त चालू घरांना न्यायची, असा ठराव कमिटी आणतेय. दामूला मूलबाळ नाय. तेराव्यानंतर त्याच्या घराला मीच कुलूप लावलं. म्हणजे ठराव झाला तर पहिलं गळणार ते दामूचं घर. ज्यानं गावाची ओ दिली, त्याच्या दारावरनं आपण ढोल वाजवीत पुढं जाणार. तुम्हाला चालेल? मला नाय चालणार. मला त्याचं दुःख झालंय, आणि त्याहून जास्त मला भीती वाटतेय. खोटं कशाला बोलू?

आता उभे राहा. हार, फोटो मागाहून. मी त्याच्या घराचं नाव घेऊन एकदा हाक मारणार हाय, आणि मग गप्प राहणार. तुम्हीही गप्प राहा. ज्याला आतून वाटेल त्यानं ओ द्यावी. एकानंच द्या. पण लवकर द्या. त्यानं जन्मभर सगळ्यांची दिली, आता त्याची त्यालाच द्यायला लावू नका.

दामूचं घर. घर हाय का?