ह्या किकसाठी एवढ्या लांब आलात?

—कोण, तो सात नंबरवाला? त्याच्यासाठी मेलबर्नहून आलात? कप्पाळ माझं! अहो, बसा बसा, गाडीत बसूनच बघा, बाहेर वारं कापतंय—आणि हातातल्या पॅटिसवरचा तो सॉस सीटवर सांडू नका. तर त्याची किक. तुम्ही मोठ्या क्लबाचे, गावोगाव पोरं निवडत हिंडता, तुम्हाला मी काय शिकवणार—पण स्पष्टच सांगतो, त्या पोराला किक मारता येत नाही. बॉल सोडतो कुठून बघा. छातीपासून! आपल्या फुटबॉलात बॉल हातानं पायाशी अलगद नेऊन ठेवायचा असतो, आणि हा वरून टाकतो, कचरा टाकावा तसा. मग वारा लागला की बॉल गेला भलतीकडंच. मधल्या दोन खांबांतून मारून सहा गुण घ्यायचे, तिथं हा बाजूनं मारून एक घेऊन येतो आणि वर हसतो. आणि डावा पाय? डावा पाय त्याला देवानं फक्त गमबूट घालायला दिलाय.

ऐकलंत का? हा माझ्या बॉनेटला टेकून उभा आहे ना, नेव्हिल, तो म्हणतोय अशी किक ह्या जिल्ह्यात कुणी बघितलीच नाही. अरे नेव्हिल, तुला हातातला पेपर दिसत नाही, तुला किक काय दिसणार! ह्यांनीच पोराला डोक्यावर चढवून ठेवलंय. गेटवर तिकिटं फाडणारी ती डॉट, तीही तसलीच—म्हणे सोन्याचा पाय आहे. सोन्याचा! त्या सोन्याचे मोजे हुंगून बघ म्हणावं एकदा, घरभर शेणाचा वास सुटतो—म्हणजे, सुटत असणार. गोठ्यात काम करतो ना तो. मला काय माहीत, गाव लहान आहे, कळतं सगळं.

सराव? करतो की. पहाटेच्या धारा झाल्या की दुधाच्या टाकीमागं भिंतीवर बॉल मारत बसतो—धप, धप, धप—डोकं उठतं नुसतं. मी ओरडतो, अरे कोपर आत घे, बॉल खाली आण—ऐकेल तर शपथ. उलट मलाच विचारतो, 'आता बरोबर होती का?' मी म्हणतो, नाही. कधीच हो म्हणत नाही मी, हो म्हटलं की पोरं बिघडतात... काय? मी तिथं काय करतो? अहो, गोठा माझाच आहे. कामाला ठेवलाय त्याला, एवढंच. कामाला ठेवला म्हणजे जेवायला घालावं लागतं, झोपायला खोली द्यावी लागते, त्यात एवढं टक लावून बघण्यासारखं काय आहे? आणि तुम्ही तरी न्याल आणि काय दिवे लावाल? दोन हंगाम राखीव संघात कुजवाल, गुडघा मोडला की बसमध्ये बसवून द्याल. परत आला तर नशीब. त्याचा बाप असाच गेला पश्चिमेकडं खाणीत, दोन वर्षांत येतो म्हणाला होता—येतोय अजून.

थांबा. पकडला त्यानं बॉल. कुठं पकडला पण—अगदी कडेला, रेषेवर! तिथून खांबांमधली फट दिसत पण नाही. आता बघा मजा. मध्ये मोकळा उभा आहे एक जण, त्याला द्यावा, तर हा शहाणा खांबांकडंच बघतोय. अरे दे ना! वारा समोरून आहे रे मूर्खा—बॉल खाली आण, खाली, अजून खाली, कोपर—कोपर—

—झालं, लागल्या सगळ्या गाड्या बोंबलायला. गोल झाला की इथं सगळे हॉर्न दाबत बसतात, येड्यांचा बाजार नुसता. काय? माझाच वाजतोय? माझाच सगळ्यात आधी वाजला? कोपर लागलं असेल. हो, हो, काढतो हात. नेव्हिल, दात काढू नकोस! बघा, काय ओरडतोय, 'कीथ, नातवाला बघितलंस का!' ह्या माणसाच्या तोंडाला झाकण म्हणून नाही.

हो, नातू आहे. मग? नातू असला म्हणून काय मी खोटं बोलतो?

...बोललो. चांगली आहे त्याची किक. बास? जन्म गेला माझा ह्या मैदानाच्या कडेला, पण असली किक—जाऊ द्या. अर्धं मन म्हणत होतं, तुम्ही माझं ऐकावं आणि गुपचूप परत जावं. पण ऐका आता. खेळ संपला की तुम्ही त्याला विचाराल, आणि तो नाही म्हणेल. आजोबा एकटे, गायी आहेत, आजोबांचे गुडघे गेले. गेल्या वर्षी एक जण आला होता, त्याला हेच सांगून वाटेला लावला, मला न विचारता. मला डॉटकडून कळलं. तेव्हापासून रोज सकाळी ठरवतो, आज सांगायचं, जा बाबा, गायींचं मी बघतो, हा नेव्हिल रिकामाच असतो. आणि तोंड उघडलं की बाहेर काय पडतं—कोपर आत घे!

तेव्हा तुम्हीच सांगा. रीसला म्हणावं, आजोबा म्हणाले, जा. एवढंच. त्याला खरं नाही वाटायचं, तरी सांगा. काय बघताय माझ्याकडं? उतरा आता. दार जोरात आपटा, हळू लागत नाही ते.