मेयोवाली

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं प्रेमा! बोल, बोल… नाही, झोपले नव्हते, कुकर लावत होते… ताप?… हो, ताप… उतरला. सकाळीच उतरला…

नाही गं, डॉक्टर कशाला… काय?… कोणी बघितलं?… श्यामलाने? कुठे?…

हं… बरं… सालमियातल्या हॉटेलच्या दारात. हिरवी-तांबडी जर्सी घालून एका गोऱ्याशी भांडत होते… भांडत नव्हते, बोलत होते… मोठ्याने बोलत होते, कबूल. अख्ख्या कुवेतात श्यामलासारखी नजर सापडायची नाही. पार्किंगमधून जर्सीचे रंगसुद्धा दिसले तिला!

बरं मग. नव्हता ताप. झालं समाधान? मंडळाचं समूहगान बुडवलं, थाप मारली, आणि ऐन गणपतीत मारली… हो, हो… लक्ष्मीकांतराव अध्यक्ष आहेत, चिडणारच. दुसऱ्या ओळीत माझ्या जागी कोण उभं राहिलं?… सलोनी? अगं, तिला सूर… असू दे. बाप्पा दयाळू आहे.

मॅच बघायला गेले होते… नाही, क्रिकेट नाही. गेलिक फुटबॉल… गे-लिक. आयरिश लोकांचं… हस. पोटभर हस. वर्ल्डकपच्या वेळी उदयभावजी पोट दुखतंय म्हणून घरी बसले होते, तेव्हा मी हसले होते का? तू तर त्यांना सोफ्यावर पोहे नेऊन देत होतीस… हं, म्हणजे ते शौकीन, आणि आमची ती थेरं!

अगं ऐक ना. आमच्या वरच्या मजल्यावरची नूला आठवते? आयरिश, शाळेत शिकवायची… तीच, लाल केसांची. परीक्षितच्या वेळी डॉक्टरनी मला पलंगाला खिळवलं होतं, आठवतंय? जयदीप सकाळी अहमदीला कामावर जाणार, मी दिवसभर पंखा बघणार. ह्या वेळी तरी राहील ना, एवढंच डोक्यात… हो गं, आधीचं ते गेलं होतं ना… तर ही नूला शाळा सुटली की खाली यायची. तिच्या आईने गावाकडून पाठवलेल्या मॅचच्या कॅसेट घेऊन. दुसरं काही नव्हतंच तिच्याकडे. मला वाटलं, बाई जीव लावतेय, बघू. आणि बघता बघता लागलं की गं वेड…

सोपं आहे. बॉल हातात धरून पळायचं, लाथेने उडवायचा. खांबांमधून वरून गेला तर एक, खाली जाळ्यात गेला तर तीन… कबड्डीपेक्षा सोपं. आणि पगार नाही कोणाला! कोणी मास्तर, कोणी शेतकरी, आपापल्या जिल्ह्यासाठी खेळतात. नूलाचा जिल्हा मेयो… नाही, नागपूरच्या मेयो हॉस्पिटलचा काही संबंध नाही. आणि सँडविचमध्ये घालतात ते तर मुळीच नाही. जयदीपचे दोन्ही विनोद करून झालेत, तू नको करू.

तर तिने मला शहाण्णव सालची फायनल दाखवली. जुनीच कॅसेट, पण निकाल सांगितला नाही. मेयो पुढे… चांगलेच पुढे… आणि अगदी शेवटी समोरच्याने एक उंच लाथ मारली, बॉलचा टप्पा पडला आणि गेला वरून! बरोबरी. पुन्हा मॅच. ती दुसऱ्या दिवशी बघितली. एका पॉइंटने गेली. मी नूलाला विचारलं, “म्हणजे आपण हरलो?” नूला माझ्याकडे बघतच राहिली. ‘आपण’ म्हणाले ना मी! मग दोघी रडलो. चार वर्षांपूर्वी हरलेल्या मॅचसाठी, पंख्याखाली… हो, वेड्याच. कुवेत सोडून जाताना तिने तिची जर्सी मला दिली.

मग काल फायनल, आणि कोण आलं? मेयो! समोर केरी जिल्हा, हिरवे-पिवळे. सांग, ताप येणार की नाही?… तुला खरं सांगितलं असतं तर सोडलं असतंस?… बघ!

इथल्या आयरिश क्लबने हॉटेलच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावला होता. जयदीप बिचारा लवकर सुटून आला, सबाह अल-सालेमहून सालमियाला निघालो. दारात त्यांचे सेक्रेटरी, डेस्मंड. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणतात कसे, “मॅडम, लग्नाचं रिसेप्शन वरच्या मजल्यावर आहे.” जर्सी घालून! कुठल्या लग्नाला जाते गं मी जर्सी घालून?… सलवारवर, हो. मग काय लुगड्यावर?

म्हटलं, मॅचला आलेय. तर म्हणे, खुर्च्या कमी आहेत, आम्ही फक्त खऱ्या चाहत्यांना सोडतो. मागच्या वेळी नुसतं खायला लोक आले होते… खायला काय? चहा आणि काकडीचं सँडविच! त्यासाठी मी सिग्नल मोजत सालमियाला जाणार? कुवेतात दारूबंदी, त्यांनाही चहावरच भागवावं लागतं, त्याचा राग माझ्यावर काढत असतील…

मग परीक्षा सुरू. एका बाजूला किती खेळाडू? म्हटलं, पंधरा. मेयो शेवटचं कधी जिंकलं? म्हटलं, एक्कावन्न साली. तेव्हाचा कॅप्टन कोण?… आता मला काय माहीत! तेव्हा माझी आईसुद्धा फ्रॉकमध्ये होती. नाही आलं उत्तर. डेस्मंडनी अशी मान हलवली, जशी काही मी त्यांच्या मुलीला मागणी घालायला आले होते आणि पगार कमी निघाला.

आणि अगं, तेवढ्यात एक पोरगा आला. लाल केस, नाकावर वांगाचे तांबूस ठिपके. तो डेस्मंडना विचारतो, “आपले हिरवे-तांबडे की हिरवे-पिवळे?” ह्यांनी त्याची पाठ थोपटून आत सोडला! वांग हेच सर्टिफिकेट. नंतर कळलं, तो ऑस्ट्रेलियाचा, आजोबा कधी तरी आयर्लंड सोडून गेलेले… हो ना! आता मी कुठून आणू वांग?

जयदीप? तो माझी बाही ओढत होता. “योगिनी, चल, आरतीला तरी पोचू.” डेस्मंडनी त्यालाही विचारलं, तुम्ही कोणाच्या बाजूचे? तर हा भला माणूस म्हणतो, “जो जिंकेल त्याच्या.” मी कपाळावर हात मारला…

मग मोठ्याने बोलले. श्यामलाने बघितलं ते तेव्हाच. म्हटलं, कॅप्टनचं नाव नाही येत मला. पण त्या टप्प्याच्या बॉलवर मी दोन रात्री झोपले नाही, पोटात मूल असताना. ह्यातलं काही चालतं का तुमच्या परीक्षेत? नसेल तर नापास करा… हो, आवाज चिरकला. माझा चिरकतो गं, डोळ्यांत पाणी आलं की…

ऐक ना, पुढेच तर आहे. दाराशी खुर्ची टाकून एक म्हातारी बसली होती. ब्रायडी. ऐंशीच्या घरातली, मुलाकडे आलीये, खुद्द मेयोची. ती काठी आपटून म्हणाली, “डेस्मंड, सोड तिला. केरीचे खोटे चाहते मिळतील ढिगाने, ते सारखे जिंकतात. मेयोचं सोंग कोण घेईल? त्यात मिळतं काय?”

अगं, डेस्मंड कानापर्यंत लाल! मला तिच्या शेजारी बसवलं. जयदीपला खुर्ची नाही मिळाली. बरोबरच आहे, जो जिंकेल त्याचा तो!

मॅच?… सुरुवातीलाच मेयोचा गोल! मी आणि ब्रायडी एकमेकींच्या गळ्यात. आणि मग… मग केरी. एक गेला, दोन गेले, वरूनच वरून. मध्यंतरापर्यंत निकाल लागल्यासारखाच. तो वांगवाला पिवळा मफलर गुंडाळून केरीवाल्यांत जाऊन बसलेला. निम्मे लोक सँडविचपाशी, आणि खऱ्या चाहत्यांचे परीक्षक डेस्मंड चहाच्या किटलीपाशी पाठ करून उभे. पडद्याकडे बघवेना म्हणे त्यांना. आम्ही दोघी मात्र खुर्चीला चिकटून. केरीचा पॉइंट गेला की ब्रायडी माझा हात धरायची. इतका घट्ट, की अजून बोटं दुखतायत…

हरलो. वाईट हरलो… हो, रडले ना. जयदीपने शहाण्यासारखा रुमाल पुढे केला. ब्रायडीचे डोळे कोरडे. म्हणाली, “माझ्या नवऱ्याने पन्नास वर्षं वाट बघितली, मग गेला. मी अजून आहे.” एवढंच. मी तिला पाणी आणून दिलं.

निघताना डेस्मंड आले. पुढच्या वर्षी दारात तुम्हीच उभ्या राहाल का, विचारत होते… मी काय म्हणणार? म्हटलं, राहीन. पण मी सगळ्यांना आत सोडीन, तुम्हालासुद्धा.

बरं, आता माझं एक काम. आज संध्याकाळी मी येतेय आरतीला, लक्ष्मीकांतरावांची बोलणी खायला. बरोबर ब्रायडीला आणू?… हो, तीच. मुलगा ड्यूटीवर, ती फ्लॅटमध्ये एकटी. मी गणपतीचं सांगितलं, तर म्हणाली, बघायचंय… का नाही?… पास मोजकेच?… फक्त आपल्या लोकांना?… काय म्हणालीस? नुसते मोदक खायला लोक येतात?…

प्रेमा. अगं प्रेमा. ऐकतेयस ना स्वतःचं?… नाही, मी कुठे काय म्हटलं… मी कशाला टोमणे मारू! विचार तिला आरतीची तीन कडवी, नाही आली तर पाठव रिसेप्शनला…

हं… हं… हसलीस! हसलीस ना?… बरं, जयदीपचा पास तिला देते, तो उभा राहील. सवय झालीये आता त्याला.

काय?… टाळ्या?… आरतीला टाळ्या वाजवता येतील का तिला?… अगं बाई, काल सबंध मॅच हरत होतो, आणि ती एकटी शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होती. चल, ठेवते.