फ्रीझरमधल्या पुरणपोळ्या

अगं, वादळानंतर शारजात आमच्या टॉवरची वीज गेली ती गेलीच. तळघरात पाणी! मला काळजी फ्रीझरची. सासूबाईंनी वारण्याआधी रत्नागिरीहून पाठवलेल्या शेवटच्या पुरणपोळ्या त्यात होत्या. नवरा कोणाला हात लावू देत नव्हता.

दुसऱ्या दिवशीही हा दार धरूनच. "उघडू नकोस, गारवा जाईल."

"अरे, गारवा कधीच खलास!"

शेवटी त्याने दार उघडून एका पोळीला बोट लावून पाहिलं. मग म्हणाला, "तवा ठेव."

सिलिंडर होता म्हणून बरं. भरपूर तूप सोडून तिघांनी खाल्ल्या. लेक म्हणाली, "बाबा, टेस्ट्स लाइक आजीज हाउस."

वीज आल्यावर पोळ्यांच्या त्या रिकाम्या कप्प्यात मटारचं पाकीट ठेवायला गेले, तर हा म्हणतो, "तिथे नको."

मग काय, त्याच दिवशी मटारची उसळ केली.