मैनाबाईच्या झाडाखाली

माहेर माझं सावली गावाजवळचं, बाई, वैनगंगेच्या काठचं, धानाच्या बांध्यायतलं, आन लगीन झालं तं देलं मले पार तिकडं, सरहद्दीच्या पलीकडं, रानात. तवा तो मध्यप्रदेश होता. मंग मी चुलीपाशी बसल्या बसल्याच त्याचा छत्तीसगड झाला, मले कोनी विचारलं बी नाई, आन आता म्हातारपनी लेकीकडं आली तं हा महाराष्ट्र. धानोऱ्याच्या पुढं, जंगलातलं हे गाव. लोक म्हनते, आजी, तू तं आपल्याच मुलखात वापस आली. पन काय सांगू तुमाले, चाळीस वर्सं जिथी काढली तो मुलूख झाला, जिथी जन्मली ते नुसती आठवन राह्यली. माझे कागद सारे तिकडचे, बोलनं अर्धं तिकडचं, सपन पडते तं त्या सपनातले मानसं बी तिकडचीच बोली बोलते. इथी आली तवा पयले सहा मयने मले असं वाटे का मी झोपेतच चालून राह्यली. जंगल तेच, तेंदू तोच, पाखरायचा आवाज तोच, आन मानसं मात्र एक बी वळखीचं नाई.

तिकडं मी पोरींच्या वसतिगृहात सैपाकीन होती. आमचे मालक लवकर गेले, सुनंदा तवा लहान होती, ते माझी एकुलती एक लेक, मंग कोनीतरी सांगतलं का तिथी सैपाकाले बाई पायजे, मी गेली ते म्हातारी होवस्तोवर तिथीच. कोंबडा आरवाच्या आधी उठा, मोठ्ठ्या गंजात भात मांडा, पोरी आंघोळ करून ओल्या केसानं रांगेत उभ्या राहात, डोळ्यात अजून झोपच राहे त्यायच्या. कितीक पोरी मोठ्या झाल्या, नर्स झाल्या, मास्तरीन झाल्या, मी तिथीच, भात ढवळून राह्यली. मंग एक दिवस हार घातला, नारळ देला, आन ते खोली बी सोडा लागली. सुनंदा म्हने, आई, तू एकटी कुठी राह्यशीन, चल माझ्या घरी. आली. पयल्याच सकाळी उठून मी भात मांडला, हाताले तीच सवय, आन झाकन उघडून पाहातो तं अर्धं गाव जेवन एवढा भात. सुनंदा हासली, नात हाये माझी पिंकी, ते हासली, जवाई तं भिंतीकडं तोंड करून हासले. कोंबड्या तीन दिवस भातच खाऊन राह्यल्या होत्या.

हासनं ठीक हाये, पन मनात माझ्या एक गोष्ट बोचत होती, ते सांगतो. आमच्याकडं मायबाप लेकीच्या घरचं खात नाई. माझा बाप मले भेटाले यायचा तिकडं, दोन दिवसाची वाट करून, तं आपली शिदोरी घेऊन यायचा, मुरमुरे, फुटाने, गुळाचा खडा, अंगनात बसून तेच खाई, पानी बी शेजारच्या घरचं पिये. मी रडो, बाबा, दोन घास तरी खा. तो म्हने, तुले देली ना, आता तुझं कसं खाऊ. आन मी तं सकाळ-संध्याकाळ लेकीच्या ताटात. जवाई लय भले, एका शब्दानं बोलले नाई कधी, पन कोनी बोललं नाई म्हनून घास गोड लागते असं थोडंच हाये. मले वाटे, या घरात आपल्या हातानं काईतरी आनाव, टोपलीभर तरी, मंग जेवाव. सारी हौस तेवढीच होती.

मंग फागून आला, मोहफुलाचे दिवस. तुमी शयरातल्या, तुमाले सांगतो. फूल गळाच्या आधी झाडाखालचा पाला ओढतात, ढीग करून जाळतात, भुई साफ करतात, म्हंजे पाहाटं फुलं पडली का येचाले सोपं. जंगलवाले म्हनते जाळू नका, म्हनून आमी पानी घेऊन उभं राह्यतो, आग पुढं जाऊ देत नाई. आन ज्यानं भुई साफ केली त्याचं ते झाड, तिथी कोनी हात लावत नाई, लिहिलेलं कुठीच नाई पन साऱ्यायले ठावं. तं मी एक दिवस सरपनाले गेली, पाहातो तं साऱ्या झाडाखाली काळे काळे गोल पडलेले, सारवल्यावानी साफ, आन एक झाड, लय मोठं, जुनं, त्याच्याखाली गुडघाभर पाला तसाच. मी म्हटलं, हे कोनाचंच नाई. बाई, मले एवढी खुशी झाली का मी त्या झाडाले हात लावून उभीच राह्यली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा नव्हता तवा गेली, पाला ओढला, आग देली. धूर सरळ वर गेला, पांढरा, आन त्या धुरातून ऊन खाली येत होतं. मी किती वेळ पाहात बसली मले नाई सांगता येनार. मंग चार दिवसानं फुलं गळाले लागली. पाहाटं जा, अंधुक अंधुक, आन टप, टप, अंगावर बी पडते, डोक्यावर बी पडते, वास असा का डोळे मिटून येते. मी येचता येचता बसून जाओ, मले माहेर दिसे, बाप दिसे, वसतिगृहातल्या पोरी दिसत, सारे एकाच ठिकानी. टोपली भरून घरी आनली, अंगनात वाळाले टाकली. त्या दिवशी मी पोटभर जेवली, सुनंदानं आग्रह केला नाई तरी भात मांगून घेतला.

आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी पिंकी शाळेतून आली आन म्हने, आजी, तू मैनाबाईचं झाड झाडलं म्हनते सारे. सुनंदा सूप घेऊन बसली होती, तिच्या हातातलं सूपच खाली पडलं. मैनाबाई म्हंजे गावाच्या त्या टोकाची गोंड बुढी. तिचा बुढा दिवाळीत वारला. त्या झाडाचा पाला दर साली तोच जाळे, म्हनून मैनाबाईनं गावाले सांगतलं होतं का यंदा त्या झाडाले कोनी हात लावू नका, फुलं पाल्यातच पडू द्या, अस्वल खाईन, हरिन खाईन, त्याच्या नावानं जाईन. साऱ्या गावाले ठावं, सुनंदाले बी ठावं, फक्त मले नाई; आन फुलं कोन्या झाडाची ते ना तिनं विचारलं, ना मी सांगतलं. सुनंदा रडली, म्हने, आई, पंधरा वर्सं झाले मले या गावात, कोनी बोट दाखवलं नव्हतं. जवाई उठून बाहेर गेले, तेच मले जास्त लागलं. मी मनात म्हटलं, झालं, आपलं इथलं सरलं. जानार कुठी, तं ते बी ठावं नव्हतं.

वाळलेली, ओली, सारी मोहं टोपलीत भरली आन एकटीच गेली. मैनाबाई अंगनात बसली होती, पाय पसरून. मी टोपली तिच्या पुढं ठेवली, म्हटलं, बाई, मी या गावची नाई, मले मालूम नव्हतं, चुकली. कोंबडी आली, मोह टोचाले लागली, तिनं हाकललं बी नाई. मंग हळूच म्हने, धूर दिसला होता मले. त्या अंगाले, त्याच झाडापासून. मले वाटलं बुढाच आला, पाला जाळून राह्यला.

मी म्हटलं, मंग तुमी पाहाले काऊन नाई आल्या?

तं म्हने, आली असती तं तू दिसली असती ना.

मी तिच्याजवळ बसली, दोघी रडलो, सारं अंगन मोहाच्या वासानं भरलेलं. मंग तिनं अर्धी मोहं आपल्या सुपात ओतली, अर्धी माझ्याच टोपलीत राहू देली. म्हने, बुढा बी सारी घरी आनत नव्हता, वाटेनं वाटत येई. पुढच्या साली बी तूच जाळ, मी इथूनच पाहीन.

तवापासून हे तिसरं साल. फुलं येचाले आमी दोघी जातो, अर्धी तिची, अर्धी माझी, माझी टोपली सुनंदाच्या घरात जाते, आन आता घास गोड लागते. गावचे लोक चिडवते मले, म्हने, निंगाला का बुढा पाला जाळाले. मी बी म्हनतो, निंगाला. देव त्यायचं भलं करो, चिडवते तं आपलं मानूनच चिडवते. पन जाळाच्या दिवशी मैनाबाई येत नाई. मी एकटी जातो, आग देतो, आन गप उभी राह्यतो. खोकला आला तं पदर तोंडात धरतो, माझा आवाज तिकडं जाऊ नाई म्हनून. तिकडं ते अंगनात बसून धुराकडं पाहात राह्यते. तेवढा वेळ झाडाखाली तिचा बुढा असते, मी नसतो. आन खरं सांगू का, बाई, तेवढ्याच वेळात मले वाटते का मी या गावची हावो.