चार घंटे

आजच्या सभेचे अध्यक्ष, जिल्ह्याचे मोठे वैद्यकीय अधिकारी आदरणीय डॉ. हरीश नरूला साहेब, मंचावर बसलेल्या सरपंचबाई, आपल्या देवळाचा कारभार बघणारे कारदार, माझ्याबरोबर काम केलेल्या साऱ्या सिस्टर, आणि थाचधारहून एवढी उतरण उतरून आलेल्या माझ्या माहेरच्या माणसांनो, तुम्हा सर्वांना नुपी देवीचा नमस्कार.

माझ्याविषयी आज इतकं चांगलं बोललं गेलं की मला वाटलं, निरोप दुसऱ्याच कुणाचा तरी आहे. टोपी घातलीत, शाल पांघरलीत, आभारी आहे. पाच वाजून गेलेत. म्हणजे मी आता साहेबांच्या हाताखाली नाही. हे मुद्दाम सांगते, कारण यापुढचं बोलायला मी एकोणीस वर्षं थांबले आहे.

साहेबांनी मघाशी शाल देताना बनककडीच्या औषधाचं कौतुक केलं. खरंच गुणाचं औषध. आमच्या आया-आज्या वरच्या कुरणातून तिची मुळं खणून आणायच्या. त्या मुळाच्या राळेचा, स्पिरिटमध्ये विरघळवलेला तो पिवळट लेप मी हजारो चामखिळींना लावला असेल. माझी आई म्हणायची, "पिकलं फळ पोरांना द्या, मूळ कुणालाच नको." राळ मांस खाते. म्हणून एका वेळी थोड्याच चामखिळींना लावायची, भोवतीच्या कातडीला व्हॅसलिन फासायचं, पोटुशीला हात लावायचा नाही, आणि चार तासांनी धुवायचं म्हणजे धुवायचंच. मी बायकांना आमच्या बोलीत सांगायचे, "ऊन समोरच्या डोंगराच्या धारेवरून नदीवर उतरलं की हात धू." एकीलाही कधी फोड आला नाही.

मग साहेब आमच्या दवाखान्यात आले. तरुण होते, हुशार होते, सपाटीवरचे होते. आठवड्यात भिंतीवर हुकूम लागला. तो कागद मी बदलीच्या दिवशी काढून घेतला होता. हा बघा. वाचते. "कर्मचाऱ्यांनी रुग्णांशी केवळ शुद्ध हिंदीत बोलावे. पहाडी बोलीत सूचना देऊ नयेत." खाली सही. साहेब, सही ओळखता ना?

त्या जेठ महिन्यात शिबिर भरलं. माझी भावजय शुकरी आली. मागावर लोकरीच्या पट्ट्या विणण्यात तिच्यासारखा हात खोऱ्यात नव्हता, पण दोन्ही हातांवर मिळून चाळीसेक चामखिळी. लोकर अडकायची. फोटोवाला उभा होता. साहेबांनी चाळीसच्या चाळीस एका बैठकीत रंगवल्या. मी म्हटलं, "साहेब, एवढ्या एकदम नको." म्हणाले, "सिस्टर, डॉक्टर कोण आहे?" मग तिला म्हणाले, "चार घंटे बाद धो लेना." मी बोलीत समजवायला तोंड उघडलं. "भिंतीवरचं वाचता येतं ना?" मी तोंड मिटलं. माझी चूक ती. मी गप्प बसले. त्याबद्दल मी स्वतःला आजवर सोडलेलं नाही, पण मी एकटी नव्हते.

आता साहेबांची हरकत नसेल तर सभेला एक विचारते. डबली चाची, उठू नका, बसूनच सांगा. त्या काळी आपल्याकडे चार घंटे म्हणजे किती? जोरात बोला, माईक नाही तिकडे. दोन दिवस. आणखी काय म्हणालात? "देवळात सकाळी एक, संध्याकाळी एक. एवढंही विसरलीस, नर्स झालीस म्हणून?" नाही चाची, मी विसरले नाही. हसा, हसा सगळे. शुकरी हसली नव्हती. तिच्या घरात घड्याळ नव्हतं, देवाची घंटा होती. रविवारी दहाला लेप लागला. रविवार संध्याकाळ एक, सोमवारी दोन, मंगळवारी पहाटे चौथी. तेव्हा तिने हात धुतले. मधल्या दोन रात्री ती ओरडत होती, ओकत होती, आणि सासूला सांगत होती, "डॉक्टरने सांगितलंय, आधी धुतलं तर गुण येणार नाही." तिच्याइतका आज्ञाधारक रोगी साहेबांना पुन्हा मिळाला नसेल.

जखमा भरल्या. बोटांतली जाण परत आली नाही. ताण्याचा धागा हाताला लागतो की नाही हे तिला आजही बघून कळतं. माग उतरवून ठेवला तो ठेवलाच.

आणि चौकशीत साहेबांनी काय लिहून दिलं? "रुग्णास स्थानिक बोलीत समजावण्याची जबाबदारी सिस्टरची होती." याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा. माझी बदली जोतापार, खिंडीच्या पलीकडे झाली, नऊ हिवाळे बर्फात काढले. त्याचं मला काही नाही. पण गावात असं झालं की नणंदेने भावजयीचे हात जाळले. माझा सख्खा भाऊ खेखराम एकोणीस वर्षं माझ्या हातचं पाणी प्यायला नाही. पुतण्याच्या लग्नाचे ढोल मी नदीच्या अलीकडून ऐकले. खेखदादा, तू आज साहेब येणार म्हणून आला आहेस, माझ्यासाठी नाही, मला ठाऊक आहे. तरी कागद तुझ्याकडे पाठवते. तुला वाचता येतं. तारीख शिबिराच्या आधीची आहे, ती नीट बघ.

काही जण म्हणतील, शुभ वेळी हे कशाला? मग कधी? साहेब पुढच्या महिन्यात राजधानीत मोठ्या खुर्चीवर जातायत. सत्काराला तेच हवेत म्हणून मी तीनदा अर्ज केला. लोकांना वाटलं, नुपीला साहेबांविषयी केवढा आदर.

सरपंचबाईंचे आभार, चहा-सिड्डूची तयारी करणाऱ्या मुलींचे आभार, आणि इतकं शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल तुमचे सगळ्यांचे. बोलण्यात माझं काही अधिक-उणं झालं असेल तर पदरात घ्या. साहेबांचं अधिक-उणं पदरात घेणं मात्र माझ्याकडे नाही. शुकरी तिसऱ्या रांगेत बसली आहे, डोक्याला लाल धाटू बांधलेली. अध्यक्षीय भाषण व्हायचं आहे, तेव्हा माईक साहेबांकडे द्या. साहेब, खाली उतरून तिच्यासमोर उभे राहून बोला. आणि क्षमा मागताना तिचा हात धरू नका, तिला तो कळणार नाही.